लाल टोपीवरची पांढरी अक्षरं गुलाबी का होतात? तालुक्याच्या एका प्रिंटिंगवाल्याचा रिव्ह्यू

मोर्शी-वरूड पट्ट्यातल्या पोट्ट्यांना एमएमएचा (जाळीच्या आखाड्यातल्या, कुस्ती-बॉक्सिंग मिसळलेल्या लढतीचा) माल, म्हणजे रॅशगार्ड (अंगाला चिकटून बसणारा ताणणारा शर्ट), टी-शर्ट, फाइट शॉर्ट्स छापून पाहिजे असले की दरवेळी अमरावती गाठायची गरज नाही. तालुक्याच्या बसस्टँडपासून पाच मिनिटं चाललं की कृषी केंद्र आणि मोबाइलवाल्याच्या मधात एक फ्लेक्सवाला आहे. बाहेरून इतरांसारखाच: वाढदिवस, पोळा, 'भावी आमदार'. मागच्या खोलीत मात्र सब्लिमेशन प्रिंटर (याच्या कागदावरची शाई उष्णतेनं कापडात उतरते), दोन हीट प्रेस, म्हणजे गरम दाबयंत्रं, आणि डीटीएफचं मशीन (फिल्मवर छापून ती कापडावर चिकटवायची) आहे, आणि एमएमएच्या मालावर त्याचा हात चांगला बसलेला आहे.

या मालात छपाई हा अर्धाच भाग. क्रिकेटच्या जर्सीवर नाव-नंबर टाकला की काम संपलं. इथं फायटरची टोपी, छातीवरचा शब्द, बाहीवरचा झेंडा, सगळं काहीतरी सांगत असतं, आणि पोट्टे ते यूट्यूबवर पाहून जसंच्या तसं मागतात. छापण्याआधी कशावर काय लिहिलंय ते पाहणारा हा दुकानदार आहे.

सगळ्यात जास्त बिघडते ती लाल टोपी. लाल टोपी म्हटल्यावर आपल्याला समाजवादी आठवतात, पण पोट्ट्यांना पाहिजे असते अमेरिकेच्या एमएमए फायटर कोल्बी कोव्हिंग्टनची, म्हणजे ट्रम्पच्या प्रचारातली, समोर पांढरी अक्षरं असलेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये साओ पाउलोला त्यानं डेमियन मायाला हरवलं आणि माइक हातात आल्याबरोबर ब्राझीलच्याच लोकांना जनावरं म्हटलं. पुढं त्यानंच सांगितलं की यूएफसी, म्हणजे एमएमएच्या लढती भरवणारी सगळ्यात मोठी कंपनी, आपल्याला काढायच्या बेतात होती, त्या भाषणानं आपण वाचलो. जून २०१८ मध्ये अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या विजेतेपदाचा पट्टा मिळाला, आणि ऑगस्टमध्ये पट्टा घेऊन स्वारी व्हाइट हाऊसमध्ये. टोपीखाली मतं किती आणि धंदा किती, हे त्याच्या चाहत्यांनाही नीट सांगता येत नाही. इथल्या गिऱ्हाइकाला अमेरिकेच्या निवडणुकीशी देणंघेणं नाही. ज्याला सगळे शिव्या घालतात तो गडी त्याला आवडतो, एवढंच.

आता टोपी बिघडते का ते. बाजारात मिळणारी स्वस्त लाल टोपी पॉलिस्टरची असते. तिच्यावर डीटीएफची पांढरी अक्षरं नेहमीसारखी १५० ते १६० अंशांवर दाबली, की उष्णतेनं कापडातला लाल रंग सुटतो आणि पांढऱ्या शाईत चढतो. दुकानातून निघताना अक्षरं पांढरीशुभ्र, आठवड्याभरात गुलाबी. धुण्याचा यात काही दोष नाही. उपाय दोन: तापमान १३०-१४० वर आणून पांढऱ्याखाली रंग अडवणारा गडद थर द्यायचा, नाहीतर सरळ भरतकाम करून घ्यायचं. दुकानदार दोन्ही करतो, पण विचारल्याशिवाय सांगत नाही. हा दोष धरावा लागेल.

दुसरी मागणी काळ्या टी-शर्टची, छातीवर रशियन लिपीतली पाच अक्षरं: अखमात. दिसायला भारी, वाचता कोणालाच येत नाही. काउंटरवरचा प्रश्न ठरलेला: "हे नाव कोनाचं हाय, मालूम हाय का तुले?" बहुतेकांना ते कपड्याच्या कंपनीचं नाव वाटतं. ते आहे अखमात कादिरोव्हचं, २००४ मध्ये ग्रोझनीच्या स्टेडियममधल्या स्फोटात मारल्या गेलेल्या, रशियातल्या चेचन्याच्या अध्यक्षाचं. त्याचा मुलगा रमझान आज चेचन्याचा प्रमुख आहे आणि बापाच्या नावानं फाइट क्लब चालवतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेनं रमझानसोबत या क्लबवरही निर्बंध लावले. आपल्याकडं एखाद्या पुढाऱ्याच्या युवा मंचाचा टी-शर्ट घालून फिरावं तसाच हा प्रकार, फरक इतकाच की हा पुढारी स्वतःची फौज बाळगतो. दुकानदार छापायला नाही म्हणत नाही. सांगतो आणि गप्प बसतो. अर्ध्याहून जास्त पोट्टे तिथंच डिझाइन बदलतात.

बदलून घेतात ते बहुतेक खबीबचं, म्हणजे रशियाच्या माजी यूएफसी विजेत्याचं. डोक्यावर पापाखा, म्हणजे रशियाच्या दक्षिणेकडच्या कॉकेशस डोंगराळ भागातली मेंढीच्या लोकरीची टोपी. आपल्या पैलवानाच्या फेट्यासारखाच मान तिला. छापायला मात्र ती त्रासाची. डीटीएफमध्ये रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर असतो, त्यामुळे लोकरीच्या धूसर कडेला पांढरी किनार उमटते आणि खबीब कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. इथं ती कड आधी बारीक ठिपक्यांत मोडून घेतात, म्हणून काम साफ येतं. फोटो मात्र चांगला द्यावा. छातीवर ११ इंची छपाई ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) पाहिजे तर फाइल ३३०० पिक्सेल रुंद लागते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दबतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

खबीब की आयर्लंडचा फायटर मॅकग्रेगर, हा या दुकानातला जुना वाद. ६ ऑक्टोबर २०१८ ला लास व्हेगासला खबीबनं चौथ्या राउंडमध्ये मॅकग्रेगरला टॅप करायला, म्हणजे हात आपटून हार मानायला लावलं आणि मग जाळीवरून उडी मारून त्याच्या टोळीवर धावून गेला. लढतींवर देखरेख ठेवणाऱ्या नेवाडा राज्याच्या कमिशननं खबीबला पाच लाख डॉलर दंड आणि नऊ महिन्यांची बंदी, मॅकग्रेगरला पन्नास हजार आणि सहा महिने, असा हिशेब केला. त्या लढतीआधी धर्म आणि देश दोन्ही बोलण्यात आले होते. इकडं त्याचं हिंदू-मुसलमान व्हायला किती वेळ लागतो! म्हणून एकाचा फोटो आणि दुसऱ्याची टिंगल असा फ्लेक्स हा माणूस छापत नाही. गिऱ्हाईक दुप्पट पैसे द्यायला तयार असलं तरी नाही.

मॅकग्रेगरवाल्यांना बाहीवर आयर्लंडचा झेंडा पाहिजे असतो, आणि तिथं एक गंमत होते. सब्लिमेशनचा कागद उलटा छापावा लागतो, तेव्हा कापडावर चित्र सुलटं येतं. कारागीर मिरर करायला विसरला तर अक्षरं उलटी दिसतात आणि चूक लगेच सापडते. झेंड्यात अक्षरं नाहीत. आयर्लंडच्या झेंड्यात काठीकडून हिरवा, पांढरा, नारिंगी असे उभे पट्टे. उलटा पडला की नारिंगी, पांढरा, हिरवा, म्हणजे थेट आयव्हरी कोस्ट. २०२५ मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्या आणि सप्टेंबरात माघार घेतलेल्या मॅकग्रेगरच्या टी-शर्टवर आफ्रिकेतला देश! यूएफसीतल्या टोपुरिया आणि मेराब या फायटरांचा जॉर्जियाचा झेंडा या बाबतीत सुखाचा. पाच क्रॉस, डावंउजवं सारखंच.

आपला तिरंगा शॉर्ट्सवर मागायचा नाही. २०१७ मध्ये भरत खंडारे यूएफसीत उतरणारा पहिला भारतीय ठरला, जून २०२४ मध्ये पूजा तोमर तिथं जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, तेव्हापासून ही मागणी वाढली आहे. पण १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यानुसार कमरेखालच्या कपड्यावर राष्ट्रध्वज वापरणं हा अवमान आहे, आणि कपड्यावर तो छापणंही त्यातच येतं. दुकानदार मांडीच्या पट्टीवर देवनागरीत 'भारत' लिहून देतो. दिसायलाही तेच बरं.

रॅशगार्डबद्दल जरा सविस्तर, कारण पैसा त्यातच जास्त जातो. सब्लिमेशन फक्त पॉलिस्टरवर आणि पांढऱ्या किंवा फिक्या कापडावरच होतं. सुती कापडावर पहिल्या धुण्यात उडून जातं. कापड ८०-८५ टक्के पॉलिस्टर आणि बाकी स्पँडेक्स, म्हणजे ताणणारा धागा असावा. प्रेस साधारण २०० अंश, ४५ ते ६० सेकंद. शाई धाग्याच्या वरच्या अंगाला बसते, म्हणून काळ्या डिझाइनचा रॅशगार्ड अंगात तंग झाला की खांद्यावर आणि छातीवर आतला पांढरा धागा उघडा पडतो. तंग दिसण्यासाठी एक साइज लहान घेणारे पोट्टे मग छपाईला दोष देतात. पूर्ण काळा पाहिजे असेल तर रंगवलेलं काळं कापडच मागावं.

खरी कमजोरी शिलाईची. रॅशगार्डला फ्लॅटलॉक शिलाई लागते, जी आतून सपाट असते. तालुक्यात ते मशीन नाही, त्यामुळे कापलेलं कापड शिवायला बाहेर जातं आणि आठ-दहा दिवस लागतात. घाई केली तर इथलाच टेलर ओव्हरलॉक मारून देतो, आणि ती जाड कड जमिनीवरच्या झोंबाझोंबीत काखेत आणि मानेला सालटी काढते. घाई करू नये. खाली कमरेला सिलिकॉनची पट्टीही सांगून लावून घ्यावी, नाहीतर पहिल्याच टेकडाउनला (समोरच्यानं खाली पाडलं की) रॅशगार्ड छातीपर्यंत वर.

लोडशेडिंगचाही फटका बसतो. इन्व्हर्टरवर प्रिंटर चालतो, हीट प्रेस चालत नाही. मधातच लाइन गेली आणि कागद हलवून पुन्हा दाबला की चित्राला सावली पडते, खबीबला चार डोळे. असा माल दुकानदार स्वतःहून बदलून देतो, हे त्याच्या बाजूनं लिहायला पाहिजे. मोठ्या कंपन्यांचे लोगो मात्र मागितले की बिनदिक्कत छापतो. ते बेकायदा आहे, आणि तसं छापून विकणाऱ्या पोट्ट्यांचीही मान अडकू शकते.

फ्लेक्सचं काम ठीकठाक, साधा १२ रुपये चौरस फूट. निवडणुकीत पोस्टरखाली छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता न विसरता टाकतो, कारण नियमच तसा आहे. पण त्याच दिवसांत आणि गणपतीच्या आधी रॅशगार्डची ऑर्डर दिली तर ती तळाशी जाते. कुस्तीची दंगल किंवा स्पर्धा असेल तर वीस दिवस आधी जावं, बाजाराचा दिवस सोडून, सकाळी अकराच्या आत. दहा नगांखाली भाव कमी होत नाही. टोपी घ्यायची तर भरतकामाचीच सांगावी. छापलेली टोपी परत घेत नाही, तसा कागद काउंटरच्या मागं चिकटवलेला आहे.