‘वाइल्ड सीड’: उन्हाळ्यात घेतलं, दिवाळीपर्यंत पुरलं

ऑक्टेव्हिया बटलरची ‘वाइल्ड सीड’ ही १९८० सालची इंग्रजी कादंबरी. दुकानात विज्ञानकथांच्या कप्प्यात मिळते, पण तिच्यात ना यान, ना यंत्रमानव, ना परग्रह. सुरुवात १६९० साली पश्चिम आफ्रिकेत, इग्बो लोकांच्या मुलखात. शेवटचा भाग १८४० नंतरच्या अमेरिकेतल्या लुइझियानात. मधल्या दीडशे वर्षांत माणसं येतात, म्हातारी होतात, मरतात. टिकून राहतात ती दोघंच. मे महिन्यात पुस्तक घेतलं ते दोन अमरांची जुगलबंदी वाचायची म्हणून. ती भूक पहिल्या वाचनात भागली. मग सावकाश दुसरं वाचन झालं, आणि त्यानंतर मधलीच प्रकरणं काढून वाचायची सवय लागली. पुस्तक कपाटात गेलं ते दिवाळीच्या साफसफाईत.

डोरो साडेतीन हजारांहून जास्त वर्षांचा आहे. स्वतःचं शरीर त्याने पोरवयातच गमावलं. तेव्हापासून तो एका माणसातून दुसऱ्यात जातो. आपल्याकडे परकायाप्रवेश म्हटलं की शंकराचार्य आणि अमरू राजा आठवतात, पण तिथे राजा आधीच मेलेला असतो. इथे आत शिरणं म्हणजेच मारणं. ते शरीर झिजलं की डोरो पुढचं उचलतो, आणि पुष्कळदा ते त्याच्याच वंशातल्या कुणाचं तरी असतं. ययातीने निदान मुलांना विचारलं तरी होतं.

अन्यान्वू तीनशे वर्षांची. तिला स्वतःच्या शरीराचा कण न् कण कळतो. विष पोटात गेलं की ते काय करतंय हे ती आतून पाहते आणि उताराही अंगातच तयार करते. बिबट्या होते, पक्षी होते. प्राण्याचं मांस चाखलं की त्याची घडण तिला उमगते आणि मग ती तसं रूप घेते. डॉल्फिन ती अशीच होते, आणि ती पानं पुस्तकातली सर्वांत मोकळी पानं आहेत. ओनिचाच्या इग्बो लोकांत अटाग्बुसी नावाच्या रूप पालटणाऱ्या वैदूबाईची आख्यायिका आहे. बटलरला ही नायिका तिच्यावरून सुचली. म्हणूनच बहुधा अन्यान्वू कॉमिकमधल्या महानायिकेसारखी वाटत नाही. गावाने घाबरून दूर ठेवलेली, पण ताप आला की जिच्याच दारात जायचं, अशी ती बाई आहे.

डोरोला हवी आहे पैदास. मनातलं ऐकणारी, हात न लावता वस्तू हलवणारी माणसं तो हेरतो, त्यांची गावं वसवतो, कुणाची जोडी कुणाशी लावायची ते स्वतः ठरवतो. त्यात बहीण-भाऊ, बाप-लेक असलं काही आड येत नाही. विज्ञानकथेतलं विज्ञान असेल तर ते हेच, आनुवंशिकता, आणि तेही गुरं पाळणाऱ्याच्या नजरेतून पाहिलेलं. अन्यान्वूलाही मुलं-नातवंडं हवी आहेत, चिक्कार हवी आहेत. पण तिला ती घर म्हणून हवी आहेत. दोघंही कुळच वाढवत असतात, हे लक्षात आलं की सरळ वाटणारी लढाई अवघड होऊन बसते. ती उगीच त्याच्या मागे जात नाही. जी तुला पुरावी लागणार नाहीत अशी मुलं मी तुला देईन, हे आमिष तो दाखवतो. तीनशे वर्षं मुलांची मरणं पाहिलेल्या बाईला याहून मोठं काय देता येईल? आणि आमिषाच्या मागे धमकी आहेच: तू नाही आलीस, तर तुझी लेकरं आहेतच.

पुस्तकात मारामाऱ्या आहेत, वादळात जहाज हवेतून ओढून नेणारा आयझॅक आहे, बिबट्याने घेतलेला एक जीव आहे. महिन्यांनंतर मात्र मनात उरल्या त्या वाटाघाटी. जवळपास प्रत्येक प्रकरण म्हणजे दोघांमधला सौदा आहे. डोरो काहीतरी मागतो. नाही म्हटलं तर किंमत कोण मोजणार, हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. अन्यान्वू हिशेब करते, थोडं सोडते, थोडं वाचवते. आपल्याच लाडक्या मुलाशी, आयझॅकशी, तो तिचं लग्न लावतो तेव्हा तिचा होकार नेमका कशातून येतो, भीतीतून की आयझॅकच्या चांगुलपणातून, हे मी तीनदा वाचूनही ठामपणे सांगू शकत नाही. ते लग्न पुढे खरोखर सुखाचं होतं, ही तर बटलरची खरी खोडी.

गुलामांच्या व्यापाराचं वर्णनही असंच गळा न काढता येतं. कादंबरी उघडते तेव्हा डोरोचं एक गाव गुलाम पकडणाऱ्यांनी उद्ध्वस्त केलेलं असतं, आणि त्याला राग येतो तो कळपाचं नुकसान झाल्यावर यावा तसा. पुढे त्याच्याच जहाजातून माणसं अटलांटिक ओलांडतात. साखळ्या नाहीत, पोटभर जेवण आहे, कुणी चाबूक उगारत नाही. पण उतरून परत जायची मुभाही नाही. शेजारच्या जहाजांतला छळ आणि इथली बडदास्त यांत फरक किती, हे लेखिका सांगत नाही. ते आपल्यावर सोडते.

आता खटकलेलं. भाषा सपाट आहे. छोटी वाक्यं, अलंकार जवळजवळ नाहीत. इंग्रजी वाचनाचा सराव बेताचा असला तरी अडणार नाही, पण शब्दांच्या मौजेसाठी वाचणाऱ्याने इकडे फिरकू नये. भाग तीन: १६९०, १७४१ आणि १८४०. मधली दशकं सरळ गाळली आहेत. दुसऱ्या भागाच्या शेवटी अन्यान्वूच्या लेकीच्या, न्वेकेच्या, प्रसंगात घर अक्षरशः कोसळतं आणि अन्यान्वू पळून जाते, मग पान उलटतं ते शंभर वर्षांनंतर. या काळात ती कशी जगली, हे दोन-चार आठवणींत उरकलंय. माझ्या मते हीच पुस्तकातली सर्वांत मोठी हुकलेली गोष्ट. तिसऱ्या भागात जोसेफ नावाचा एक जण अन्यान्वूच्या मळ्यावर आणून सोडलाय, तो केवळ अरिष्ट यावं म्हणून. माणूस म्हणून तो उभाच राहत नाही.

पुढच्या परिच्छेदात शेवट फुटतो. नको असेल तर तो सोडा.

दोघांमध्ये कोण जिंकतं, याचं उत्तर बटलर देत नाही. अन्यान्वू लढत नाही, पळत नाही, मरायचं ठरवते. तिचं शरीर तिच्या ताब्यात असल्यामुळे तिला ते सहज जमणार असतं. आणि ज्याच्याभोवतीचं प्रत्येक माणूस मरत आलंय तो डोरो पहिल्यांदा गयावया करतो, कारण ती गेली तर त्याच्यासोबत टिकणारं कुणीच उरत नाही. मग तह होतो. तो तिला हुकूम करणार नाही, काम झालं म्हणून माणसं सहज मारून टाकणार नाही. मारणं मात्र थांबत नाही; ते त्याचं अन्न आहे. माझ्या एका मैत्रिणीने इथे पुस्तक आपटलं. इतक्या माणसांच्या खुन्याशी संसार? तिचा राग मला कळतो, पण शेवट मला खोटा वाटत नाही, फक्त घाईचा वाटतो. बटलरची आई लोकांच्या घरी धुणीभांडी-झाडलोट करायची, मागच्या दाराने आत जायची, आणि आपल्यासमोरच आपल्याबद्दल बोललेलं गिळायची. आईचं ते गिळणं म्हणजे दुबळेपणा नव्हता, हे लेखिकेला पुढे कळलं, आणि १९७९ची ‘किंड्रेड’ ही कादंबरी त्यातूनच लिहिली गेली, असं तिने सांगितलंय. अन्यान्वूचा तह मी त्याच रांगेत ठेवते. त्यात माफी नाही. पुढची काही माणसं वाचतात, एवढंच.

घेणाऱ्यांसाठी थोडं. ही पाच कादंबऱ्यांच्या मालिकेतली घटनाक्रमाने पहिली कादंबरी, पण लिहिली गेली चौथी. या दोघांचं पुढे काय होतं, ते ‘माइंड ऑफ माय माइंड’मध्ये १९७७ सालीच छापून झालं होतं. त्यामुळे ‘वाइल्ड सीड’ आधी वाचा. उलट्या क्रमाने गेलात तर इथल्या तहाची धार बोथट होते. ‘सीड टू हार्वेस्ट’ या एकत्रित खंडात चार कादंबऱ्या स्वस्तात मिळतात. मालिकेतली पाचवी, ‘सर्व्हायव्हर’, त्यात नाही, कारण ती लेखिकेला स्वतःलाच आवडत नसे आणि तिने ती पुन्हा छापू दिली नाही. खंड जाडजूड आहे, लोकलमध्ये उभ्याने धरवत नाही. सुटी प्रत बरी.

लैंगिक जबरदस्ती, रक्ताच्या नात्यातले संबंध आणि मुलांचे मृत्यू पुस्तकभर आहेत. वर्णनं भडक नाहीत, पण टाळताही येत नाहीत. जादूच्या शक्ती आहेत म्हणून कुणी हे सातवी-आठवीतल्या मुलांच्या हातात देऊ नये. मैत्रिणीने आपटलेली प्रत सध्या तिच्याकडेच आहे, दुसऱ्यांदा वाचतेय म्हणते.