शनिवार पाळणारं कोण हाय का?

आमच्या सहाजणांचे 19,800 रुपये गेले. आंबोलीच्या एका सहलीत, आणि त्यातले निम्मे तर चालत्या गाडीत मी स्वतः पिन टाकून घालवले. पैसे ज्याला दिले त्याचं तोंड आम्ही कुणीच बघितलेलं नाही. आवाज मात्र अजून कानात आहे. तो माणूस कसा बोलला, तेच मला नीट सांगायचं आहे, कारण आम्ही फसलो ते त्या बोलण्याला.

आखाड संपत आला होता. श्रावण लागायच्या आत एक रविवार तरी डोंगरात जाऊन चूल पेटवायची, हा आमचा कैक वर्षांचा नेम. सहाहीजण शिवाजी पेठेतल्या एकाच तालमीच्या कट्ट्यावर वाढलेलो. आता एकजण शाळेत मास्तर, एकाचं लक्ष्मीपुरीत किराणा दुकान, म्हणून तो शेठ, एक वकील, एक माझ्या बहिणीचा नवरा म्हणून सगळ्यांचाच दाजी, एक गॅरेजवाला, आणि मी. हिशेब माझ्याकडे असतो. पन्हाळा म्हणजे घराचं परडं, गगनबावडा मागच्या वर्षी झाला होता, म्हणून यंदा आंबोली ठरली. राहायला अख्खा बंगला पाहिजे, हॉटेलची खोली नको, कारण हॉटेलात चूल लावू देत नाहीत.

बंगला मास्तरांनी शोधला. मोबाईलमधल्या नकाशाच्या ॲपवर. लाल कौलं, लांबलचक व्हरांडा, मागं धुकं, खाली चाळीसेक लोकांचे अभिप्राय आणि सगळ्यांचे पाचच्या पाच तारे. मास्तरांनी आमच्या ग्रुपवर नंबर टाकला आणि लिहिलं, "हा बरा वाटतोय." मी फोन लावला.

"बोला दादा. कोल्हापूरचं का? मग काळजीच सोडा." पहिलंच वाक्य. मग विचारलं, किती माणसं, बायका-पोरं आहेत का, गाडी कुठली. आणि मग, "शनिवारी येताय न्हवं? शनिवार पाळणारं कोण हाय का? असलं तर रात्री पिठलं-भाकरी करतो, मटण रविवारी सकाळी."

आमच्यात दाजी शनिवार पाळतात. मारुतीचा वार, अंडंसुद्धा चालत नाही. हे मी सांगितलेलं नव्हतं. त्यानं आपणहून विचारलं आणि त्या क्षणी मी त्याला परका मानायचं सोडून दिलं. पुढं त्यानं बोकडाचं की पालवाचं, रस्सा तांबडा किती आणि पांढरा किती, खडा मसाला घरचा आणणार का, असं सगळं विचारलं. दहा मिनिटं आम्ही मटणावर बोललो. बंगल्यावर एक मिनिटही बोललो नाही. बंगला आंबोलीत नेमका कुठं, चौकुळच्या रस्त्याला की घाटाच्या बाजूला, मालक कोण, कागद काय, हे विचारायला जागाच उरली नाही. आता शांतपणे आठवलं की कळतं, संभाषण तो चालवत होता.

भाडं 9,000, त्यातलं निम्मं, 4,500, आधी. मटण आणि लाकडाचे 2,400. आणि 3,000 अनामत, काही मोडतोड झाली नाही तर निघताना परत. एकूण 9,900. पैसे पाठवताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं, ते कुठल्याशा ट्रेडर्सचं. मी विचारलं. तो म्हणाला, "मामाचं खातं हाय, बंगला त्यांच्याच नावावर हाय." मी पाठवले. स्क्रीनवर येणारं ते नाव बँकेत नोंदलेलं असतं, ते खोटं बोलत नाही. बोलणारा माणूस आणि ते नाव जुळत नसेल तर तिथंच थांबायचं होतं.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. मास्तरांना वाटलं, फोनवर मी चौकशी केली असणार. मला वाटलं, मास्तरांनी सगळं बघूनच नंबर टाकला असणार. वकिलाला वाटलं, दोघांनी बघितलंय म्हणजे झालं. एकटा माणूस जाणार असता तर त्यानं दोन ठिकाणी विचारलं असतं. सहाजण होतो म्हणून कुणीच विचारलं नाही. ते चाळीस अभिप्राय मी नंतर एकेक करून वाचले. बहुतेक सगळे एकाच आठवड्यातले, आणि "खूप छान सेवा" याच्या पलीकडं कशातच काही नाही. जेवण काय होतं, पाणी गरम येतं का, रस्ता कसा आहे, याबद्दल अवाक्षर नाही. खरा माणूस राहून आला की तक्रार तरी करतो.

शनिवारी सकाळी सातला रंकाळ्यावरून निघालो. दाजींनी कांदा-लसूण चटणीची बरणी कुणावर विश्वास नको म्हणून मांडीवरच घेतलेली. कागल, कोगनोळीचा टोल, निपाणी, आणि तिथून आत वळून उत्तूर, आजरा. साधारण 110 किलोमीटरचा रस्ता. निपाणीत शिरल्या शिरल्या मास्तर म्हणाले, कर्नाटकातला चहा प्यायचा नाही. गॅरेजवाला म्हणाला, चहाला भाषा असते का. हा वाद उत्तूरपर्यंत पुरला आणि शेवटी दोघांनी एकाच टपरीवर दोन-दोन कप प्याले. उत्तूरच्या पुढं पाऊस असा आला की समोरचं काही दिसेना, आणि नेमका तेव्हाच वायपर निखळला. गाडीत गॅरेजवाला बसलेला, पण हत्यारांची पेटी त्याच्या दुसऱ्या गाडीत. वकिलानं छत्रीच्या दांड्याला पंचा बांधला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि पुढची काच पुसायला सुरुवात केली. शेठ बैलगाडीच्या चालीनं गाडी हाकतोय, वकील भिजून चिंब, आणि मागून दाजी सूचना देताहेत, "डावीकडं राहिलं बघा." हसून हसून पोटात कळा आल्या. आजऱ्यात वायपर बसवला, आणि मटणाबरोबर पाहिजेच म्हणून पाच किलो आजरा घनसाळ घेतला. त्या तांदळाच्या वासानं गाडी भरली होती. इतके आनंदात आम्ही होतो, आणि त्यानं तीच वेळ साधली.

गवसं मागं टाकलं, झाडी दाट झाली, मोबाईलची रेंज येत-जात होती. तेवढ्यात त्याचा फोन. आवाज घाबरा. "दादा, लई वाईट झालं बघा. बंगल्यावर फांदी पडलीया, कौलं फुटली. पर तुमास्नी वाऱ्यावर सोडणार न्हाय. आमचा दुसरा बंगला हाय, ह्याच्यापेक्षा मोठा, दर तोच. फक्त तो दुसऱ्या भावाच्या खात्यावर हाय. तुमचे 9,900 आत्ता परत करतो, ते तिकडं टाका. कोड पाठवलाय, स्कॅन करा, पैसे जमा हुतील."

कोड आला. माझ्याच मोबाईलवर आलेला कोड स्कॅन कसा करायचा, म्हणून मी तो आमच्या ग्रुपवर टाकला, मास्तरांच्या मोबाईलवर उघडला आणि माझ्या मोबाईलनं स्कॅन केला. रक्कम आधीच भरलेली, 9,900. गाडीत पाचजण एकदम बोलताहेत, फोनवर तो, "लवकर करा दादा, रेंज जाईल." मी पिन टाकला. 9,900 रुपये गेले. जमा झाले नाहीत, गेले.

"अरारा, उलटं झालं," तो म्हणाला. "माझ्याच पोरानं चुकीचा कोड पाठवला. दुसरा पाठवतो, आता 19,800 एकदम परत येतील. स्कॅन करून पिन टाका."

शेठ गाडी चालवत होता, त्याला स्क्रीन दिसत नव्हती. पण "पिन टाका" हे स्पीकरवर त्यानं ऐकलं आणि करकचून ब्रेक मारला. "पैसे यायला पिन कशाला लागतोय?" तो ओरडला. "माझ्या दुकानात दिवसभर पैसे येतात. एकदा तरी पिन टाकलाय का मी?"

वाचणाऱ्यानं हे एवढं वाक्य घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळ्यांना ऐकवावं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कशालाच हो म्हणावं लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून बाहेर जातात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. रोज चहाचे पैसे मी असेच देतो. पण परत येणाऱ्या पैशांच्या ओढीत, घाईत, गोंगाटात, ते त्या क्षणी आठवलं नाही.

त्यानं आधी पाठवलेल्या ठिकाणावर गेलो. फाटक, कुलूप, आत काजूची बाग, घर नाहीच. रस्त्यावर येऊन चहाच्या टपरीवर थांबलो आणि तिथल्या मावशींना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, "हो बंगलो आंबोलीत खंयच नाय." फोटो उलटा शोधला, म्हणजे मोबाईलवर तो फोटोच देऊन आणखी कुठं आहे ते बघितलं, तर तोच बंगला दुसऱ्याच राज्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी निघाला. हे करायला दोन मिनिटं लागली. घरी बसून करता आलं असतं.

आम्ही तिथं उभे असतानाच दोन मोटारसायकलींवरून सांगलीकडची चार पोरं आली. अंगावर कोरडा धागा नाही. त्यातल्या एकानं मावशींपुढं मोबाईल धरला. तोच फोटो. त्यांनी सकाळी 3,000 भरलेले. बोलता बोलता त्याच पोराचा फोन वाजला आणि त्यानं स्पीकर लावला. तोच आवाज, तेच "लई वाईट झालं बघा", तीच फांदी. नंतर मी पोरांना विचारलं, शनिवार पाळता का म्हणून विचारलं होतं काय? पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. त्यांनाही विचारलं होतं.

शेठनं तो मोबाईल हिसकावला आणि पेठेत जे जे शिकला होता ते सगळं त्या माणसाला ऐकवलं. मला त्याचा राग कळतो, पण ती चूक झाली. पाच मिनिटांत त्या माणसानं मला पाठवलेले सगळे संदेश दोन्हीकडून पुसून टाकले. ठिकाण गेलं, खात्याचा पत्ता गेला. मी पहिला कोड ग्रुपवर टाकला होता म्हणून तेवढा पुरावा राहिला. तेव्हा आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. शिव्या नंतरही देता येतात.

त्या पोरांपैकी एकाची बहीण बँकेत आहे. त्यानं तिला फोन केला, तिनं सांगितलं, आत्ताच्या आत्ता 1930 लाव, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी नंबर. त्यांनी टपरीवर उभं राहूनच लावला. मीही लावणार होतो, पण आमच्यात चर्चा सुरू झाली. दाजी म्हणाले, आलोय तर मूड घालवू नका, सोमवारी बघू. मास्तर म्हणाले, गेलेले पैसे कुठं मिळतात. मी ऐकलं. रविवारी रात्री घरी आल्यावर फोन लावला, तक्रार नोंदवली आणि सोमवारी पोलीस ठाण्यात गेलो. बँकेचा उतारा आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक सोबत नेला, कारण तो नसला तर पैसा कुठं गेला ते शोधता येत नाही. तिथल्या साहेबांनी नीट समजावलं, की असा पैसा एका खात्यात थांबत नाही, तासाभरात चार खात्यांत फुटतो आणि एटीएममधून निघतो. 1930 ला वेळेत कळलं तर तो ज्या खात्यात असेल तिथं बँक अडवून धरते. पोरांचे 3,000 च्या 3,000 अडवले गेले, त्यांनी मला फोन करून सांगितलं. आमचे 2,700 तेवढे सापडले, आणि तेही हातात यायला अजून कागद फिरताहेत. मधे गेला तो फक्त दीड दिवस.

रात्री मावशींनीच त्यांच्या ओळखीच्या घरात दोन खोल्या मिळवून दिल्या. पोरांना तशा पावसात परत कुठं पाठवणार, म्हणून दोन खोल्यांत आम्ही दहाजण. दाजींच्या घोरण्यावर पोरांनी पैजा लावल्या. सकाळी त्या घरच्या काकूंनी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली, आणि आमचा घनसाळ त्यांनाच देऊन आलो. हिरण्यकेशीला गेलो, कावळेसादला धुक्यात काहीच दिसलं नाही, तरी अर्धा तास उभे होतो. भाडं निघताना रोख दिलं. काकूंनी आगाऊ एक रुपया मागितला नव्हता. मी विचारलं, आम्ही न देता गेलो असतो तर? त्या म्हणाल्या, "जातलास खंय? गाडी दारात आसा."

आता आम्ही कुठंही जायचं ठरवलं की नंबर एकजण शोधतो आणि चौकशी दुसरा करतो, तीही त्याच नंबरवर नाही, त्या गावातल्या दुसऱ्या कुणाकडं तरी. मालकाला व्हिडिओ कॉल लावून सांगायचं, फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत चालत दाखवा. खरा मालक कौतुकानं दाखवतो. गेल्या महिन्यात एकानं तर गोठ्यातली म्हैससुद्धा दाखवली.

नकाशावरची ती नोंद खोटी असल्याचं आम्ही सहाहीजणांनी कळवलं आणि आठवड्याभरात ती गेली. परवा मास्तरांनी ग्रुपवर पुन्हा एक फोटो टाकला. तीच लाल कौलं, तोच व्हरांडा, तेच धुकं. नाव वेगळं, नंबर वेगळा, आणि गाव आता पन्हाळा. खाली लिहिलंय, "चुलीवरचं मटण ऑर्डरप्रमाणे. शनिवारी शाकाहारी जेवणाची सोय."