सांगलीत घरून डेव्हलपमेंट: टी४८०, डेबियन, इन्व्हर्टर आणि सुताराचं टेबल (वर्षभराच्या वापरानंतर)

विश्रामबागेत घरी बसून मी पुण्यातल्या एका कंपनीचं वेब डेव्हलपमेंट करते. उरलेल्या वेळात मार्केट यार्डातल्या एका अडत्याचं हळदीच्या सौद्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळते. उन्हाळा, वळीव, पावसाळा असं सगळं या सेटअपवर काढून झालंय. प्रोसेसर कुठला हे नंतर बघा, लाईट गेल्यावर काय काय चालू राहतं ते आधी बघा, असं माझं मत पक्कं झालंय.

लॅपटॉप लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, सेकंडहँड. मॉडेल २०१८ चं, आय५-८३५०यू, चार कोअर. तो घेण्याचं खरं कारण त्याच्या दोन बॅटऱ्या. एक आत, एक मागून निघणारी. लाईट गेली की आधी बाहेरची वापरली जाते. ती संपली तर मशीन बंद न करता काढून दुसरी बसवता येते, तेवढा वेळ आतली सांभाळते. नव्या लॅपटॉपांमध्ये हा प्रकार जवळपास गेलाच. रॅमचे दोन स्लॉट आहेत, त्यात ३२ जीबी टाकली. डॉकरचे कंटेनर (प्रोग्राम वेगवेगळे ठेवून चालवायचे डबे), पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि ब्राउझरचे असंख्य टॅब एकत्र चालतात. मोठा टाइपस्क्रिप्ट बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं, मात्र निवांत चहा करून आणण्याइतका वेळ घेतो, आणि एप्रिलमध्ये दुपारी पंखा सारखा ओरडतो. मूळचा फुल एचडी पॅनल २५० निट्सचा (निट हे उजेडाचं माप), म्हणजे गच्चीत बसून काम करायचं विसरा. या मॉडेलला थंडरबोल्टच्या (टाइप-सी पोर्ट चालवणाऱ्या चिपच्या) फर्मवेअरचं एक महत्त्वाचं अपडेट लेनोवोनं काढलं होतं. सेकंडहँड घेणाऱ्यानं ते झालंय का हे पहिल्याच दिवशी तपासावं. नाहीतर टाइप-सी चार्जिंग दगा देऊ शकतं.

ओएस डेबियन १२, म्हणजे लिनक्सच. त्यावर टीएलपी हे वीज-बॅटरी सांभाळणारं टूल टाकून बॅटरी ७५ टक्क्यांच्या खाली आल्यावरच चार्ज व्हावी आणि ८० ला थांबावी असं लावलंय. लॅपटॉप दिवसभर पिन लावूनच असतो, त्यामुळे बॅटरीचं आयुष्य वाढवायला हे बरं. वळिवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की टीएलपीची फुलचार्ज कमांड देते आणि दोन्ही बॅटऱ्या भरून घेते.

आता इन्व्हर्टर. साइन वेव्हचा आहे, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी. कागदावर १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास, पण तेवढे कधी हाताला लागत नाहीत. लॅपटॉप, २४ इंची मॉनिटर आणि राऊटर मिळून माझं काम साठेक वॉटमध्ये भागतं. बॅटरी खातात ते घरातले पंखे. तात्यांच्या खोलीतला आणि माझा असे दोन्ही जुने पंखे प्रत्येकी ७० ते ८० वॉट ओढतात. म्हणजे डेव्हलपरनं बॅकअप वाढवायला आधी बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा घ्यावा, तो २८-३० वॉटमध्ये भागवतो. हे ऐकून तात्या हसले, आणि नंतर स्वतःच्या खोलीत तोच बसवून घेतला. डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर दोन महिन्यांनी बघते.

इन्व्हर्टर आहे म्हणून इंटरनेट टिकतं असं नाही. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या त्या क्षणात लॅपटॉपला काही कळत नाही, मॉनिटर डोळे मिचकावतो, पण राऊटर रीस्टार्ट होतो आणि मीटिंगमधून माणूस बाहेर. त्यासाठी राऊटरला १२ व्होल्टचा छोटा लिथियम यूपीएस लावला. अख्ख्या सेटअपमधली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू. फायबरचा ओएनटी (फायबरची वायर जिथे येते तो डबा) वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा. दोन्हींचे व्होल्ट आणि पिनची पोलॅरिटी बघून घ्या. एवढं करूनही गल्लीच्या टोकाला असलेल्या इंटरनेटवाल्याच्या डब्याचा बॅकअप संपला की सगळं ठप्प. मग मोबाइलचं यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट वायरनं लॅपटॉपला.

मराठीचं सांगायलाच हवं, कारण माझं अर्धं काम त्यात आहे. इनस्क्रिप्ट हा कीबोर्डचा लेआउट आयबसवर (लिनक्समध्ये भाषा टाइप करायची सोय) व्यवस्थित चालतं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, बोटं आठवड्या-दोन आठवड्यांत वळतात. व्हीएस कोड या एडिटरमध्ये जोडाक्षरं नीट दिसतात. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) मात्र प्रत्येक अक्षराला ठरलेली चौकट असल्यामुळे वेलांट्या आणि मात्रा कुठेही जाऊन बसतात. गिटमध्ये कोडच्या बदलांची नोंद राहते, पण मराठी कमिट मेसेज त्या गिट लॉगमध्ये वाचणं म्हणजे शिक्षाच. मी ते एडिटरमध्येच बघते.

याहून मोठी भानगड डेटात. अडत्याकडचा दिवाणजी एका कीबोर्डवरून 'कऱ्हाड' लिहितो, त्याचा मुलगा मोबाइलवरून. एकाकडून ऱ हे एकच अक्षर येतं, दुसऱ्याकडून र आणि नुक्ता (खालचा टिंब) अशी दोन. डोळ्याला फरक शून्य, पण शोधलं तर निम्म्या पट्ट्या (सौद्याची बिलं) गायब. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे. त्यातल्या एनएफसी या युनिकोडच्या पद्धतीनं दोन्ही रूपं एक होतात. डेबियन १२ मध्ये पोस्टग्रेसची १५ वी आवृत्ती असल्यानं काम झालं. 'ॲडव्हान्स'च्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही. ॲ हे स्वतंत्र अक्षर आणि अ वर चंद्र देऊन केलेलं, यांना युनिकोड एक मानत नाही. तिथे सेव्ह करतानाच बदलून घ्यावं लागतं. मराठीत कुणासाठीही सॉफ्टवेअर करत असाल तर दोन्ही रूपं टाकून एकदा शोधून बघाच.

कीबोर्ड मेकॅनिकल, ब्राउन स्विचचा. हाताला उत्तम. आई विचारते, "भाकरी थापतीस का कोड लिहितीस?" माइकलाही खडखड ऐकू जाते, मीटिंगमध्ये मी लॅपटॉपचाच कीबोर्ड वापरते.

खुर्चीबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, हायड्रॉलिक बसलं आणि दुकानदारानं हात वर केले. टेबल मात्र गल्लीतल्या सुताराकडून करून घेतलं. १८ मिमी प्लाय, वर सनमायका, उंची २७ इंच. तयार टेबलं बहुधा २९-३० इंची असतात आणि माझ्या उंचीच्या माणसाचे खांदे त्यावर वर चढतात. मनगटाचं दुखणं त्यानंतर थांबलं.

डेटाच्या बॅकअपला रेस्टिक हा प्रोग्राम. एन्क्रिप्ट करून, सारखा डेटा पुन्हा न साठवता कॉपी करतं. एक प्रत क्लाउडवर, एक एक्स्टर्नल एसएसडीवर, आणि दुसरी एसएसडी मिरजेला मावशीकडे, महिन्यातून एकदा बदलून आणते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. आमच्या घरात पाणी आलं नाही, पण अशा वेळी वीज आणि नेट किती दिवस नसेल याचा नेम नाही. अडत्याचा सगळा हिशेब माझ्याकडे असताना क्लाउडवरच्या एका प्रतीवर मला झोप लागली नसती. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की मी रेस्टिकची चेक कमांड (बॅकअप नीट आहे ना ते बघणारी) चालवते, मोबाइल आणि जादाची बॅटरी चार्ज करते, आणि इन्व्हर्टर जमिनीवर असेल तर तो उचलून कट्ट्यावर ठेवायला तात्यांना हाक मारते.