आधी १९३० की आधी पोलीस ठाणे?

खात्यातून पैसे गेले की घरातली मोठी माणसं म्हणतात, "आधी पोलिसात जा." पाकीट मारलं असतं तर सल्ला बरोबर होता. ऑनलाइन फसवणुकीत चोराआधी पैसा पळतो: एका भाड्याच्या (कुणीतरी चोराला वापरायला दिलेल्या) खात्यातून दुसऱ्यात, तिथून एटीएममधून रोख. म्हणून पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला. व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ नोंदली की माहिती संबंधित बँकेकडे जाते. पैसे अजून खात्यात असतील तर ते रोखता येतात. २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने ही सोय सुरू केली, तेव्हा क्रमांक १५५२६० होता. (तोंडपाठ होईल असा क्रमांक नंतर सुचला!)

पण १९३० वरची प्रत्येक तक्रार म्हणजे आपोआप एफआयआर नव्हे. खटला उभा राहायचा तर ठाणं लागतंच. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर आता चालत नाही: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवता येते. ती ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास मात्र निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो, त्यामुळे वेळ जातो.

माझा क्रम ठरलेला: १९३०, बँक, मग ठाणं. आणि चॅट रागाने डिलीट करू नका, पुरावा तोच आहे.