सीबीटी घेऊ की सायकोडायनॅमिक थेरपी?

थेरपी घ्यायची ठरलीय पण कुठली ते कळत नाहीये, अशांसाठी हे लिहितेय. मी दोन्ही घेतल्यात, आधी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम) आणि नंतर दोन वर्षं सायकोडायनॅमिक (मनात दडलेलं जुनं उलगडणारी).

समजा बॉसचा मेसेज आला, "जरा बोलायचंय", आणि पोटात गोळा आला. सीबीटीत विचारतील, त्या क्षणी डोक्यात नेमकं काय आलं? "आता मला काढणार." मग तो विचार कागदावर उतरवायचा, तो खरा असल्याचे पुरावे कुठले, खोटा असल्याचे कुठले, पुढच्या वेळी काय वेगळं करून बघायचं, आणि हे सगळं होमवर्क म्हणून घरी पण. सायकोडायनॅमिकमध्ये विचारतील, ही भीती जुन्या ओळखीची वाटते का? आणि बॉसबद्दल बोलता बोलता आपण वडिलांपर्यंत कधी पोचतो ते कळत पण नाही.

कारण सायकोडायनॅमिकमध्ये मनाकडे बघायची पद्धतच वेगळी आहे. तिचं मूळ ज्याच्या विचारांत आहे त्या सिग्मंड फ्रॉइडने १९२३ मध्ये मनाची इड, इगो, सुपरइगो अशी मांडणी केली. इडला सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं, सुपरइगो म्हणजे लहानपणी खाल्लेली बोलणी जी आता आपल्याच आवाजात ऐकू येतात, आणि इगो बिचारा दोघांना सांभाळून बाहेरच्या जगाशीही जुळवून घेत असतो. त्याला झेपेनासं झालं की तो बचाव वापरतो, म्हणजे दडपून टाकणं, नाकारणं, एकावरचा राग दुसऱ्यावर काढणं. त्याची मुलगी ॲना फ्रॉइडने १९३६ मध्ये हे बचाव नीट उलगडून दाखवले. लहान असताना त्यांनीच आपण तगतो, पण मोठेपणी गरज संपली तरी ते सुटत नाहीत आणि लोक म्हणतात हा त्याचा स्वभावच आहे.

माझंच सांगते. प्रत्येक सेशनच्या शेवटी मी "तुमचा वेळ घेतला, सॉरी" म्हणायचे, एकदा थेरपिस्टने शांतपणे विचारलं, "ही माफी नक्की कुणाची मागताय?" पुढचा महिनाभर आम्ही त्या एकाच वाक्यावर बोललो. यालाच ट्रान्सफरन्स म्हणतात, जुनं नातं समोरच्या माणसावर ठेवून बघणं, आणि खरं काम तिथेच होतं.

सीबीटी वरवरची आहे असं मात्र अजिबात समजू नका. तिचा पाया घालणारा आरन बेक स्वतः सायकोअ‍ॅनालिस्ट होता, म्हणजे फ्रॉइडच्याच वाटेने काम करणारा. डिप्रेशन म्हणजे आत वळलेला राग हे दाखवायला त्याने पेशंट्सची स्वप्नं तपासली आणि त्यात रागापेक्षा हरल्याची, नाकारलं गेल्याचीच चित्रं जास्त निघाली, तिथून त्याची वाट बदलली.

वेळेचं म्हणाल तर सीबीटी साधारण १२ ते २० सेशन्स, सायकोडायनॅमिक आठवड्याला एक-दोनदा आणि बऱ्याचदा वर्षभर किंवा जास्त, थोडक्यात आटपणारे प्रकार पण आहेत.

माझं मत विचाराल तर पॅनिक, फोबिया, ओसीडी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा) असेल तर सरळ सीबीटी, ओसीडीला तर एक्स्पोजरवालीच, म्हणजे भीतीला हळूहळू सामोरं जायला लावणारी. पण माणसं बदलतात, नोकऱ्या बदलतात आणि भांडण मात्र दर वेळी तेच होतं, असं असेल तर सायकोडायनॅमिक घ्या. सुरुवातीचे काही महिने जड जातात, मी रडून बाहेर पडायचे. आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर ही निवड बाजूला ठेवा, आजच सायकियाट्रिस्टला गाठा.