दोन वाटा की एक जाळं: ‘मागितलं’ कुठे ठेवायचं?

भूतकाळाच्या रूपांवर प्रबंध करायचा तर लवकरच बाजू घ्यावी लागते. एकीकडे भाषा-मानसशास्त्राचे अभ्यासक स्टीव्हन पिंकर आणि मायकल उलमन यांच्या दोन वाटा: नियमित रूपं नियमाने, अनियमित आठवणीतून. दुसरीकडे रुमेलहार्ट-मॅक्लेलंड या संशोधकांचं १९८६चं एकच जाळं: उदाहरणांवरून शिकणारी, वेगळे नियम न साठवणारी संगणकीय प्रतिकृती. मी दोन्ही चौकटींत काम करून पाहिलं.

दोन वाटांची मांडणी चटकन पटते. इंग्रजी ‘वॉक्ड’ नियमाने घडतं, ‘सँग’ आठवणीतून येतं. पुरावाही वजनदार आहे: १९९७ साली उलमन आणि सहकाऱ्यांना अल्झायमरचे रुग्ण अनियमित रूपांत जास्त चुकताना दिसले, पार्किन्सनचे नियमित रूपांत. माझी भाची ‘मी करलं’ म्हणाली तेव्हा मलाही प्रत्यक्ष नियमच ऐकू आला. आमच्या घरात ‘करलं’ कुणी म्हणत नाही. उलट त्या पहिल्या जाळ्याने इंग्रजी ‘मेल’चं भूतकाळी रूप ‘मेल्ड’ऐवजी ‘मेम्बल्ड’ केलं होतं. कुठलंही मूल असं करणार नाही.

तरी माझं गाडं अडलं ते ‘मागितलं’पाशी. ‘बसला, उठला’ सरळ, ‘गेला, केला’ वेगळे, इथवर ठीक. पण माग-मागितलं, सांग-सांगितलं, बघ-बघितलं? धातू शाबूत, प्रत्यय शाबूत, मध्ये ‘इत’. नियम म्हणावा तर ‘टांग’चं ‘टांगलं’ होतं. अपवाद म्हणावा तर एकाच वळणाचे इतके अपवाद कसे? माझ्या वहीतल्या धातूंच्या यादीत ‘नियमित’ आणि ‘अनियमित’ असे दोन रकाने होते, त्यातल्या खुणा मी सारख्या बदलत होतो. शेवटी ‘ढांग’ असं बनावट क्रियापद घेऊन ओळखीच्यांना विचारलं: आज तो दोर ढांगतो, काल त्याने दोर…? बहुतेक जण ‘ढांगला’ म्हणाले, पण दोघंतिघं जरा थांबून ‘ढांगितला’ म्हणाले.

आठवणीतही साधर्म्य चालतं, म्हणजे सारख्या वळणाचे शब्द एकमेकांना ओढतात, हे पिंकरना मान्य आहे. पण मग नियम आणि आठवण यांच्यामध्ये रेघ कुठे मारायची, हा प्रश्न तसाच राहतो. जाळ्याला ती रेघ लागतच नाही. रुग्णांचा मुद्दाही तितका एकतर्फी नाही: १९९९मध्ये जोअनिस आणि सायडेनबर्ग या संशोधकांनी ध्वनी व अर्थ दोन्ही असलेलं जाळं मुद्दाम बिघडवलं. अर्थाची बाजू बिघडली की अनियमित रूपं जास्त ढासळली, ध्वनीची बिघडली की बनावट क्रियापदांची.

इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांवर काम करणार असाल तर दोन वाटांची चौकट हाताशी ठेवा. मराठी धातू घेऊन बसणार असाल तर, माझ्या मते, जाळ्यापासून सुरुवात करा. माझ्या वहीत आता रकाने नाहीत. ‘मागितलं’ ‘सांगितलं’ला खेटून आहे, ‘टांगलं’ जरा लांब.