राजदूत ३५०: हवा खाणारं इंजिन आणि नऊ महिने

गाडी काकांची. राजदूत ३५० मोटरसायकल, एलटी म्हणजे लो टॉर्क मॉडेल, ८७ सालची. इंदूरला लोकमान्य नगरच्या पोर्चमध्ये तेरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. तिच्या सीटवर मांजर दोनदा व्यायली, गिऱ्हाइकं तर किती आली, पण काका विकायला तयार नव्हते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आता आपल्याच्याने किक होणार नाही हे त्यांनी मान्य केलं आणि किल्ली माझ्याकडे आली. गणपतीच्या आदल्या आठवड्यात दुरुस्त इंजिन फ्रेममध्ये बसलं. आता मे संपतोय आणि ३,४०० किलोमीटर झालेत, म्हणून लिहितोय.

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सने १९८३ पासून इथे राजदूत नावाने काढली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. मूळ जपानी गाडी ३९ हॉर्सपॉवरची. आपल्याकडे आधी ३०.५ ची एचटी, म्हणजे हाय टॉर्क, आली आणि मग मायलेजपायी २७ ची एलटी. एलटी म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. मीही मुरडलं आणि इंजिन उघडून बघायच्या आधीच मॉडिफिकेशनला हात घातला: एक्स्पान्शन चेंबर (फुगीर पोटाचे रेसिंग सायलेन्सर), फायबरचे रीड (इंजिनात मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या पाकळ्या), मोठे मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक).

गाडी पळायची जोरात. पण गरम झाली की सिग्नलला थ्रॉटल सोडला तरी इंजिन खाली यायचं नाही, दोन-तीन सेकंद तसंच चिरकत राहायचं. तेव्हाच्या मेकॅनिकने कार्बोरेटरवर खापर फोडलं. जेट बदलले, सुया वर-खाली केल्या, मी पैसे देत गेलो. तिसऱ्या रविवारी बायपासवर ऐंशी-नव्वदच्या वेगात डावा पिस्टन जॅम झाला आणि मागचं चाक फरफटत गेलं. दोन बोटं क्लचवर होती, लगेच दाबून चाक मोकळं केलं म्हणून वाचलो. ही सवय काकांनी लावलेली. लहानपणी मला ती नुसती स्टाइल वाटायची.

मग पोलोग्राउंडकडचे एक उस्ताद मिळाले. त्यांनी आधी पाना हातात घेतलाच नाही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिया, घर में बीपी नापने की मशीन है?" मला वाटलं, माझंच बीपी बघतायत.

दुसऱ्या दिवशी बाबांचं घड्याळवालं बीपी मशीन घेऊन गेलो. उस्तादांनी दोन्ही एक्झॉस्टला रबरी बुचं मारली, रीड काढून ठेवले, एक इनटेक बंद केला आणि दुसऱ्यातून मशीनची नळी जोडली. दोन्ही सिलिंडर एकदमच तपासायचे, कारण क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, मधोमध जे सील आहे ते लॅबिरिन्थ जातीचं, ते पूर्ण हवाबंद नसतंच. बल्ब दाबत काटा ३०० वर नेला, म्हणजे जवळपास ६ पीएसआय. चांगल्या इंजिनात तो तिथे मिनिटंच्या मिनिटं टिकायला हवा. आमचा काटा बघता बघता शंभरच्या खाली. मग डावीकडचं कव्हर आणि अल्टरनेटरचा रोटर काढून त्यामागे साबणाचं पाणी सोडलं. क्रँक सीलच्या कडेला एक फुगा फुगला, फुटला, परत फुगला. "ये देखो, आपका कार्बोरेटर," उस्ताद म्हणाले.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. त्यामुळे हे सील म्हणजे नुसती ऑइल गळू न देणारी रबराची चकती नाही, फुप्फुसाची भिंतच आहे. तेरा वर्षं कोरडं पडून ते कडक झालं होतं. तिथून फुकटची हवा आत यायची, तिच्यात ना पेट्रोल ना ऑइल. जेट कितीही मोठा करा, डावा पिस्टन तापणारच. उजवीकडचं सील गेलं तर लक्षणं वेगळी: क्लचच्या बाजूने गिअर ऑइल ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी गुपचूप उतरते.

दोन्ही सीलं आणि क्रँकची बेअरिंगं नवीन घातली, तडकलेले इनटेक रबर बदलले, दोन्ही सिलिंडर ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझला बोअर केले. खरादवाल्याकडे पिस्टन पाठवूनच बोअर करून घ्या, नुसता आकडा सांगू नका. सगळं मिळून ५२ हजार गेले. जोडणी झाल्यावर परत बीपी मशीन लावलं, तर पाच मिनिटांत काटा ३०० वरून २८५. आता थ्रॉटल सोडला की इंजिन मुकाट खाली येतं.

मॉडिफिकेशनचं म्हणाल तर फायबरचे रीड ठेवलेत. खालून उचल चांगली मिळते. मात्र ३,००० किलोमीटरला काढून उजेडासमोर धरले तेव्हा एका पाकळीची कड उसवायला लागलेली दिसली, ती बदलली. चेंबर माळ्यावर गेले. मोकळ्या रस्त्यावर मजा आहे, पण राजवाड्याच्या गर्दीत खालच्या आरपीएमला गाडी रडते आणि गल्लीतली म्हातारी माणसं शिव्या देतात. ऑइल पंप काढून टाकीतच ऑइल मिसळा, असा सल्ला दर दुसरा माणूस देतो. मी पंप ठेवलाय. थ्रॉटलची केबल पुढे तीन फाट्यांत जाते, दोन कार्बोरेटरला आणि एक पंपाला. पंपाच्या पुलीवरची खूण जुळलेली आहे ना, एवढं महिन्यातून एकदा बघतो. प्लग एनजीके बी८एचएस, दोन्ही कॉफीच्या रंगाचे निघतात, म्हणजे मिश्रण बरोबर आहे. डिसेंबरात पहाटे सिमरोल घाटात गेलो तेव्हा डावा पांढुरका दिसला. थंड हवा घट्ट असते आणि त्यात आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, दोन्हींमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. मेन जेट एक नंबर वाढवला. ई-२० ने पेट्रोलची जुनी नळीही फुगली होती, तीही बदलली.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं नाही, त्यावरून मित्रांशी वाद होतात. जुना पॉइंट (ठिणगी पाडणारा उघडझाप करणारा स्विच) बिघडला तर चोरलच्या रस्त्यावरही पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं. पण लक्ष ठेवावं लागतं हे खरं. मार्चमध्ये पोर्चमध्ये गाडी चालू केली तर काका खुर्चीतूनच म्हणाले, "उजवीकडचा मागे पडलाय रे." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. प्लगच्या भोकात डायल गेज लावून पाहिलं. ठिणगी टॉप डेड सेंटरच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याच्या, २ मिलिमीटर आधी पडायला हवी, डावीकडे बरोबर २ होतं, उजवीकडे १.७. पॉइंटची फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडते. दोन्हींचं टायमिंग वेगवेगळं लावावं लागतं, रविवारची सकाळ त्यातच जाते.

मायलेज २२ च्या वर कधी गेलं नाही. बॅटरी हा कायमचा त्रास: हेडलाइट लावून गर्दीत अर्धा तास फिरलं की चार्जिंग पुरत नाही. पुढचा ड्रम ब्रेक या इंजिनासमोर दुबळाच आहे, नवे लायनर घालूनही, त्यामुळे मी अजून शंभरच्या पुढे नेलेली नाही. गेल्या आठवड्यात गिअर ऑइलची पातळी थोडी उतरलेली दिसली. धूर नाही, वासही नाही. क्लच कव्हरचं गॅस्केट असावं. तरी शनिवारी बाबांचं बीपी मोजून झालं की मशीन घेऊन उस्तादांकडे जाणार आहे.